बर्फ गोठविणे आणि बर्फ राखणे

पाणी गोठवून त्याचा बर्फ करणे ही गोष्ट आता नवलाईची राहिलेली नाही. बंदरावरील मासळीपासून लग्नघरच्या सरबतापर्यंत लागणारा बर्फ गावोगावच्या कारखान्यांत रोज तयार होतो, आणि घरातील शीतकपाट तर मुलांच्याही हातचे झाले आहे. त्यामुळे असा समज सहज होतो की, पुरेसे मोठे यंत्र आणले म्हणजे पुरेसा मोठा बर्फ मिळतो. मग स्थळ लेह असो की बंगळूर. बर्फावरील स्केटिंगसाठी जे बंदिस्त क्रीडांगण बांधतात, ज्याला इंग्रजीत आइस रिंक म्हणतात व ज्यास येथे हिमांगण म्हटले आहे, त्याच्या बाबतीत हा समज अर्धाच खरा ठरतो. बर्फाची लादी साच्यातून निघाली की कारखान्याचे काम संपते. हिमांगणाचे काम बर्फ गोठल्यानंतर सुरू होते, आणि ते दार उघडे असेपर्यंत एक तासही थांबत नाही.

उष्ण प्रदेशात हिमांगण चालविता येते काय, या प्रश्नाचे उत्तर जगाने कधीच दिले आहे. दुबई, मनिला, क्वालालंपूर या शहरांत अशी हिमांगणे वर्षानुवर्षे चालली. विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे : त्या बर्फाचा दर्जा कशाने टिकतो, आणि तो टिकविण्याची किंमत कोणी, किती काळ मोजावयाची? हा प्रश्न बांधकामापूर्वी विचारला गेला पाहिजे. तो बांधकामानंतर विचारला गेला, तर उत्तर बहुधा कुलपाच्या रूपाने मिळते.

बंगळूरचा प्रश्न

समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर वसलेले बंगळूर हे दक्षिणेतील तुलनेने थंड हवेचे शहर. चाकांच्या स्केटिंगची तेथे चांगली परंपरा आहे. चाकांवर शिकलेला खेळाडू बर्फावरील पात्यांकडे वळतो, हा क्रम भारतात नित्याचा आहे. २०२४ च्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांच्या खेळाडूंनी लेह येथील बर्फावर सुवर्णपदके मिळविली. ज्यांच्या गावी कधी हिमकण पडत नाही, अशी ही मुले. त्यांना खऱ्या बर्फावर सराव करावयाचा तर लेह, डेहराडून, गुरुग्राम अशी उत्तरेची वाट धरावी लागते, आणि ती वाट सर्वांनाच परवडत नाही. तेव्हा बंगळूरसारख्या शहरात हिमांगण असावे ही मागणी केवळ हौसेची म्हणून झटकून टाकता येणार नाही.

शहरात कृत्रिम हिमाचा अनुभव देणारी जागा पूर्वीच झाली आहे. फन वर्ल्ड या उद्यानाच्या परिसरातील ‘स्नो सिटी’ हे तिचे उदाहरण. परंतु हिमगृह आणि हिमांगण यांत मूलतः फरक आहे. हिमगृहात सगळी खोलीच शून्याखाली ठेवतात आणि पाहुण्यांना उबदार कोट देतात. हिमांगणात खेळाडूंना व प्रेक्षकांना सोसेल अशी १० ते १५ अंश सेल्सियसची हवा वर, आणि उणे ४ किंवा उणे ५ अंशांचा बर्फ खाली, असे दोन ऋतू एकाच छपराखाली नांदवावे लागतात. या दोन ऋतूंमधील भांडण मिटविणे हेच हिमांगणाचे शास्त्र होय.

ते न मिटविल्यास काय होते, याचे उदाहरण देशातच आहे. जानेवारी २०११ मधील दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी डेहराडून येथील महाराणा प्रताप क्रीडा महाविद्यालयाच्या आवारात आंतरराष्ट्रीय मापाचे हिमांगण बांधण्यात आले. स्पर्धा झाल्या, पाहुणे गेले, आणि त्यानंतर एका तपाहून अधिक काळ ते जवळजवळ बंदच राहिले. २०२५ मध्ये त्याचा जीर्णोद्धार झाला व त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तेथे आशियाई खुली शॉर्ट ट्रॅक स्पर्धा भरली, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु मधल्या काळात ज्या मुलांचे खेळण्याचे वय निघून गेले, ते वय कोणत्याही जीर्णोद्धाराने परत येत नाही.

पहिल्या हिमांगणाचा धडा

यंत्राने गोठविलेले पहिले हिमांगण लंडनमध्ये १८७६ साली जॉन गॅमजी यांनी सुरू केले. गॅमजी हे मूळचे पशुवैद्य. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथून मांस गोठवून कसे आणता येईल याचा शोध घेताना त्यांना ही युक्ती साधली. काँक्रीटच्या तळावर माती, गाईचे केस आणि लाकडी फळ्या यांचे थर देऊन त्यांवर तांब्याच्या नळ्या अंथरल्या होत्या व त्यांतून ग्लिसरीनमिश्रित थंड द्रव खेळविला जात असे. बर्फ उत्तम गोठला. तरीही हा उद्योग फार काळ टिकला नाही. खर्च अतोनात होता, आणि बर्फावरून उठणाऱ्या धुक्याने गिऱ्हाइके कंटाळली.

हे धुके फार बोलके आहे. लंडनच्या थंड हवेतही गॅमजींना बर्फ करणे जमले, पण बर्फावरील हवा सांभाळणे जमले नाही. दीडशे वर्षांनंतर यंत्रे शतपटींनी सुधारली आहेत. तरी जेथे हिमांगण फसते, तेथे बहुतेक वेळा कारण हेच असते. नळ्यांतील थंडीचा हिशेब केलेला असतो, वरच्या हवेचा व छताचा केलेला नसतो.

छत : न दिसणारी शेगडी

बर्फाला सर्वांत अधिक उष्णता कोठून मिळते? विचारणाऱ्याला वाटते, हवेतून. वस्तुतः निष्काळजीपणे बांधलेल्या हिमांगणात उष्णतेचा एक फार मोठा वाटा छताकडून प्रारणाच्या रूपाने, म्हणजे किरणांच्या वाटेने, खाली येतो. मधली हवा थंड असली तरी हे किरण अडत नाहीत.

हा नियम भारताला नवा नाही. अठराव्या शतकात अलाहाबादच्या परिसरात उघड्या मैदानात बर्फ तयार करीत असत, आणि त्याचे वर्णन रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवले. उथळ खड्ड्यांत उसाच्या किंवा मक्याच्या वाळल्या ताटांचा जाड थर देऊन त्यावर मातीची पसरट भांडी मांडीत, त्यांत उकळून निवविलेले पाणी ओतीत, आणि हिवाळ्यातील निरभ्र रात्री त्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरत असे. आश्चर्य असे की, त्या रात्री हवा गोठणबिंदूच्या वरच असे. विल्यम चार्ल्स वेल्स यांनी १८१४ मध्ये दवाच्या अभ्यासातून याचा उलगडा केला. भांड्यातील पाणी आपली उष्णता निरभ्र आकाशाकडे किरणरूपाने सोडून देत होते, आणि खालचे वाळके ताट जमिनीची ऊब वर येऊ देत नव्हते.

हिमांगणात हीच क्रिया उलट दिशेने घडते. आकाशाच्या जागी तापलेले छत येते, आणि ते बर्फाकडे उष्णता सोडू लागते. हिशेब सोपा आहे. छताची खालची बाजू ३० अंशांवर आणि बर्फ उणे ५ अंशांवर असेल, तर सामान्य रंगाच्या छताकडून बर्फाच्या दर चौरस मीटरला सुमारे १६५ वॅट उष्णता मिळते. ६० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशा पूर्ण मापाच्या हिमांगणावर हा आकडा ३०० किलोवॅटच्या घरात जातो. दोन-दोन किलोवॅटच्या दीडशे विजेच्या शेगड्या बर्फाकडे तोंड करून अखंड पेटत ठेवाव्यात, तशी ही स्थिती होय. आणि ३० अंश हा आकडा उदार आहे. बंगळूरच्या एप्रिलमधील उन्हात अस्तर नसलेला पत्रा याहून पुष्कळ अधिक तापतो.

उपाय दोन आहेत, आणि ते दोन्ही योजावे लागतात. छपराला जाड उष्णतारोधक थर द्यावा, आणि त्याच्या खाली चकचकीत ॲल्युमिनियमचा मुलामा असलेले कापड ताणावे. चकचकीत धातूचा पृष्ठभाग उष्णतेचे उत्सर्जन फारच थोडे करतो. त्यामुळे छताकडून येणारी ही उष्णता एक दशांशाच्या आसपास किंवा त्याहूनही खाली उतरते. शिवाय असे कापड स्वतः थंड पडत नाही, म्हणून त्यावर दव धरून थेंब खाली टपकत नाहीत. टपकणारा प्रत्येक थेंब बर्फावर फोडासारखा उंचवटा करतो आणि पात्याला ठेच देतो. बंगळूरला ही कल्पना परकी वाटू नये. ‘आर्यभट’ हा भारताचा पहिला उपग्रह तेथील पीण्या भागातील साध्या शेडमध्ये तयार झाला व १९७५ मध्ये अंतराळात गेला. तेव्हापासून उपग्रहांचे तापमान राखण्याची विद्या या शहरात रुजली आहे. उपग्रहावर गुंडाळलेले चकाकते आवरण आणि हिमांगणाच्या छताखालचे चकाकते कापड एकाच नियमाने काम करतात.

ओलावा : खरा शत्रू

थंड पाण्याने भरलेल्या तांब्याला घाम सुटतो, हे प्रत्येक घरात दिसते. हवेतील अदृश्य वाफ थंड पृष्ठभागावर निवून पाणी होते. हिमांगण हा १८०० चौरस मीटरचा तांब्याच समजावा. फरक एवढाच की, त्यावर सुटलेला घाम लगेच गोठतो. हे दहिवर बर्फाचा पृष्ठभाग खरखरीत व पांढुरका करते. पात्याची घसरण कमी होते, वळणावर पकड फसवी होते, आणि वर धुके तरंगू लागते.

बिघाड एवढ्यावर थांबत नाही. वाफेचे थेट बर्फात रूपांतर होताना तिच्यात दडलेली उष्णता बाहेर पडते, आणि ती थोडीथोडकी नसते. १ किलो वाफ गोठताना सुटलेली उष्णता ८ किलोंहून अधिक बर्फ वितळविण्यास पुरेशी असते. पावसाळ्यात बंगळूरच्या दर घनमीटर हवेत साधारण १६ ते १७ ग्रॅम वाफ असते. हिमांगणात १२ अंशांवर ६० टक्के आर्द्रतेची हवा ठेवली, तर तीत घनमीटरमागे सुमारे साडेसहा ग्रॅम वाफ मावते. म्हणजे दारावाटे १००० घनमीटर बाहेरची हवा आत शिरली, तर तिच्याबरोबर सुमारे १० किलो नको असलेली वाफ येते, आणि ती सगळी बर्फावर बसल्यास ८० किलोंहून अधिक बर्फ वितळविण्याइतकी उष्णता त्यावर ओतली जाते.

यातून एक विपरीत वाटणारा निष्कर्ष निघतो. बंगळूरच्या हिमांगणाची कठीण कसोटी एप्रिलमधील दुपार घेत नाही, कारण तेव्हाची हवा तापलेली असली तरी कोरडी असते. कसोटी घेतात ते जून ते ऑक्टोबरमधील ढगाळ, सुखद वाटणारे दिवस. नागरिकाला जी हवा आल्हाददायक वाटते, तीच बर्फाला जड जाते. मुंबई आणि गोवा येथील दमट किनाऱ्यावर तर हे संकट वर्षभराचे असते. म्हणून ‘शहर थंड हवेचे आहे, यंत्र लहान चालेल’ हा युक्तिवाद फसवा आहे. यंत्र लहान चालेल, पण हवा कोरडी करणारी यंत्रणा लहान चालणार नाही.

ही यंत्रणा बर्फ गोठविणाऱ्या यंत्रापासून वेगळी असावी. ओलावा शोषणारे रसायन भरलेल्या चाकातून हवा फिरवून ती कोरडी करतात, आणि तापविलेल्या हवेने ते चाक पुन्हा सुकवितात. दारे एकामागे एक अशी दोन असावीत, आणि एक मिटल्याशिवाय दुसरे उघडू नये. आतील हवेचा दाब बाहेरच्याहून किंचित अधिक ठेवावा, म्हणजे फटींतून कोरडी हवा बाहेर जाईल, ओली हवा आत येणार नाही. व्यापारसंकुलाच्या मध्यभागी, चारी बाजूंनी उघडे, खाद्यपदार्थांच्या दुकानांनी वेढलेले हिमांगण दिसावयास मोहक असते. परंतु बर्फाच्या दृष्टीने याहून वाईट जागा सुचविणे कठीण आहे.

पाणी : आतले आणि बाहेरचे

चांगल्या बर्फाला चांगले पाणी लागते. पाणी गोठताना त्यातील क्षार स्फटिकांबाहेर ढकलले जातात व उरलेल्या ओलीत साचून राहतात. क्षारयुक्त पाण्याचा बर्फ त्यामुळे मऊ, ढगाळ आणि लवकर झिजणारा होतो. पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचे प्रमाण लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावे असे भारतीय मानक सांगते. जे पाणी पिण्यास योग्य, ते हिमांगणास योग्य असेलच असे नाही. तेथे याहून पुष्कळ शुद्ध पाणी हवे. खोल विंधनविहिरीचे पाणी तर शुद्धीकरणाशिवाय वापरूच नये.

स्केटिंगच्या प्रत्येक सत्रानंतर बर्फाचा वरचा खरचटलेला थर तासून त्यावर पाण्याचा पातळ लेप द्यावा लागतो. हे काम करणारे यंत्र अमेरिकेतील फ्रँक झांबोनी यांनी १९४९ मध्ये सिद्ध केले, आणि ते सिद्ध झाले कॅलिफोर्नियाच्या उष्ण मुलखात, हे विशेष. बर्फाच्या लाद्यांचा धंदा घरोघरी शीतकपाटे आल्याने बसू लागला, तेव्हा त्यांनी भावाच्या व चुलतभावाच्या साहाय्याने १९४० मध्ये पॅरामाउंट या गावी हिमांगण काढले. आरंभी ते उघडे होते. ऊन आणि कोरडे वारे यांनी बर्फ टिकेना, म्हणून लवकरच त्यावर घुमट चढविला. नळ्यांमुळे बर्फावर पडणाऱ्या लाटा नाहीशा करणारी तळाची रचना त्यांनी शोधली. पूर्वी पृष्ठभाग नीट करण्यास अनेक माणसांना तासाहून अधिक वेळ लागत असे. त्यांच्या यंत्राने ते काम सुमारे दहा मिनिटांवर आणले. निगा सोपी झाली, तेव्हाच हिमांगण हा चालणारा उद्योग झाला.

लेपासाठी सुमारे ६० अंशांचे गरम पाणी वापरण्याची रूढी आहे. गरम पाण्यात हवा कमी विरघळलेली असते आणि ते खाचांच्या कडा वितळवून जुन्या बर्फाशी एकजीव होते. बर्फ काचेसारखा नितळ उतरतो. अलाहाबादचे कारागीर पाणी उकळून घेत असत, हे येथे आठवण्याजोगे आहे. मात्र ६० अंशांचे पाणी गोठविण्यास २० अंशांच्या पाण्यापेक्षा सुमारे ४० टक्के अधिक उष्णता काढून घ्यावी लागते. म्हणून ते यंत्राने टाकून दिलेल्या उष्णतेवरच तापवावे.

येथवर झाला तो आतल्या पाण्याचा विचार. बाहेरच्या पाण्याचा विचार अधिक गंभीर आहे. एका लेपास ५०० लिटर धरले व दिवसात आठ लेप दिले, तर ४००० लिटर पाणी लागते. पण बर्फातून काढलेली उष्णता वातावरणात सोडण्यासाठी जे शीतकरण-मनोरे बांधतात, ते पाण्याची वाफ करून काम करतात. ५०० किलोवॅट उष्णता अखंड बाहेर टाकावयाची झाल्यास दिवसाला सुमारे १८,००० लिटर पाण्याची वाफ होते. बर्फासाठी लागणाऱ्या पाण्याच्या चौपटीहून अधिक पाणी असे कोणाच्या नकळत आकाशात जाते.

बंगळूरला कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरांवरून, तीन टप्प्यांत पंपांनी उचलून आणावे लागते. मार्च २०२४ मध्ये टंचाई एवढी वाढली की, मोटारी धुण्यास, बागांना व कारंज्यांना पिण्याचे पाणी वापरल्यास ५,००० रुपये दंड ठरविण्यात आला. अशा शहरात पिण्याच्या पाण्याची वाफ करून बर्फ राखणे हे समर्थनीय ठरणार नाही. मनोऱ्यांना शुद्ध केलेले सांडपाणीच द्यावे, आणि तासलेला बर्फ वितळवून पुन्हा वापरात आणावा, हा परवानगीचा पहिला नियम असावा.

वीज आणि सुरक्षितता

शीतयंत्र उष्णता निर्माण किंवा नष्ट करीत नाही; ते तिला खालच्या तापमानावरून वरच्या तापमानावर उचलते. विहीर जितकी खोल, तितके रहाटाचे श्रम अधिक. तसेच येथेही आहे. उणे १० अंशांवरील उष्णता ३० अंशांवर सोडावयाची असेल, तर आदर्श यंत्र १ किलोवॅट विजेत सुमारे ६.६ किलोवॅट उष्णता उचलील. ४५ अंशांवर सोडावी लागली, तर ४.८ किलोवॅटच. प्रत्यक्ष यंत्रे आदर्शापेक्षा पुष्कळ मागे असतात, पण प्रमाण हेच राहते. बर्फ गरजेपेक्षा एक अंश अधिक थंड ठेवल्यास या उचलण्याचा खर्च सुमारे दोन टक्क्यांनी वाढतो, आणि बर्फाकडे येणारी उष्णताही वाढते. कलात्मक स्केटिंगला उणे ३ ते उणे ४ अंशांचा किंचित मऊ बर्फ मानवतो, हॉकीला उणे ५ ते उणे ६ अंशांचा कठीण बर्फ लागतो. सत्राप्रमाणे तापमान बदलणारा व्यवस्थापक वीजही वाचवितो आणि खेळही सुधारतो.

टाकून दिलेल्या उष्णतेची कामे अनेक आहेत. तिने लेपाचे पाणी तापते, ओलावा शोषणारे चाक सुकविण्यास मदत होते, आणि तळाखालची जमीनही उबदार ठेवता येते. ही शेवटची गोष्ट विसरली जाते. वर्षभर गोठलेल्या तळाखाली रोधक थर आणि ऊब नसेल, तर थंडी जमिनीत उतरते, तेथील ओल गोठून फुगते, आणि सगळा तळ वर उचलला जाऊन तडकतो.

शीतक द्रव्यांत अमोनिया हा जुना, कार्यक्षम व स्वस्त, पण विषारी. कॅनडातील फर्नी येथे ऑक्टोबर २०१७ मध्ये हिमांगणाच्या यंत्रघरात अमोनिया गळून तिघांचा मृत्यू झाला. म्हणून अमोनिया वेगळ्या, वायुवीजन असलेल्या यंत्रघरातच कोंडलेला असावा, आणि बर्फाखालच्या नळ्यांतून मिठाचे अथवा ग्लायकोलचे निरुपद्रवी द्रावण खेळवावे. घरच्या आइस्क्रीमच्या पिंपात बर्फाबरोबर मीठ का घालतात हे जाणणाऱ्यास, क्षारद्रावण शून्याखालीही वाहते कसे राहते, हे निराळे सांगावयास नको. बर्फ तासणारे यंत्र विजेच्या बॅटरीवर चालणारे असावे. बंदिस्त जागेत इंधनाचा धूर खेळाडूंच्या जिवावर बेतू शकतो.

माणसे

ही सर्व साधने एकत्र आणली तरी एक उणीव राहते, आणि ती पैशाने एका दिवसात भरून निघत नाही. बर्फाची निगा राखणारा जाणता माणूस हवा. बर्फाची जाडी ठरलेल्या ठिकाणी दररोज मोजणे, कडा उंच व मध्य खोल होऊ न देणे, अडीच ते चार सेंटिमीटरांच्या मर्यादेत थर राखणे, हवेचा दवबिंदू तासातासाला नोंदविणे, पात्याची धार तपासणे, पाऊस सुरू होताच दारांवर लक्ष ठेवणे, ही कामे नोंदवहीच्या शिस्तीने करावी लागतात. जाड बर्फ सुरक्षित, असे नवख्यास वाटते. वस्तुतः बर्फ हा स्वतःच उष्णतारोधक आहे. थर वाढला की नळ्यांची थंडी पृष्ठभागापर्यंत पोचण्यास अधिक वीज लागते. वीज गेली तर सगळा बर्फ वितळण्यास बराच वेळ लागेल, पण पृष्ठभाग त्याच्या कितीतरी आधी बिघडेल; तेव्हा दारे मिटून, दिवे मालवून बर्फ वाचविणे हेही त्याच माणसाच्या प्रसंगावधानावर असते.

भारतात हिमांगणे थोडी, म्हणून अशी माणसेही थोडी. परंतु दूधसंघांत, शीतगृहांत, लसींच्या साठ्यांत थंडी राखणारे कुशल तंत्रज्ञ देशात पुष्कळ आहेत. १९०९ मध्ये स्थापन झालेली भारतीय विज्ञान संस्था ज्या शहरात आहे, तेथे त्यांना बर्फाची विद्या शिकविण्याची सोय करणे अशक्य नाही. परदेशी यंत्राबरोबर परदेशी तज्ज्ञ सहा महिने येतो व जातो. त्याच्या मागे येथील चार माणसे तयार राहिली नाहीत, तर यंत्र विकत घेतले, पण विद्या घेतली नाही, असे म्हणावे लागेल.

आक्षेप आणि निर्णय

ज्या देशात पाणी व वीज यांची चणचण आहे, तेथे बर्फावर घसरण्याची चैन कशाला, असा आक्षेप घेतला जातो. तो खोडसाळ नाही, आणि त्याला उत्तर भावनेने देऊ नये. मनिलाच्या व्यापारसंकुलातील हिमांगणावर शिकलेला मायकेल मार्टिनेझ हा २०१४ मध्ये सोची येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरला. आग्नेय आशियातील कलात्मक स्केटिंगपटूंत तो पहिलाच. उष्ण शहरातील सुस्थितीत राखलेला बर्फ मुलांपुढे एक नवे क्षेत्र उघडतो, याचा तो पुरावा होय. पण ‘सुस्थितीत राखलेला’ हा शब्द त्या वाक्यातून काढला, तर वाक्य खोटे ठरते. वाईट बर्फावर मुले शिकत नाहीत. पडतात, दुखावतात, आणि पुन्हा येत नाहीत.

म्हणून बंगळूर असो, पुणे असो की मुंबई, हिमांगणाच्या प्रस्तावाला काही अटी घालाव्यात. छप्पर रोधक व चकाकत्या अस्तराचे असावे. ओलावा काढण्याची स्वतंत्र यंत्रणा पावसाळ्याच्या हवेच्या मापाने आखलेली असावी. शीतकरणासाठी पिण्याचे पाणी वापरू नये. टाकलेली उष्णता कामी लावावी. आणि बांधकामाच्या खर्चाबरोबरच पुढील दहा वर्षांच्या निगेचा निधी व प्रशिक्षित माणसे यांची तरतूद त्याच दिवशी व्हावी. ही तरतूद पूर्ण मापासाठी शक्य नसेल, तर अर्ध्या मापाचे सरावांगण बांधावे. त्यावर आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरणार नाही, परंतु ते वर्षाचे बाराही महिने चालेल, आणि दहा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला दररोज सकाळी एक तास खरा बर्फ मिळेल. स्पर्धेच्या आठ दिवसांसाठी बांधलेल्या व नंतर कोरड्या पडलेल्या भव्य वास्तूपेक्षा तो एक तास समाजाच्या अधिक उपयोगाचा आहे.

निधी, पाणी आणि माणसे यांपैकी एकाचीही हमी देता येत नसेल, तर बांधू नये, हे स्पष्टपणे सांगण्याचे धैर्य नगरशासनाने दाखवावे. उद्घाटनाच्या दिवशी प्रत्येक हिमांगणाचा बर्फ चांगलाच असतो. तिसऱ्या पावसाळ्यात तो कसा आहे, हे पाहून त्याची किंमत करावी.